खर्च करणाऱ्याला कशाला बोलता, पैसे दाबून बसलेल्या मालकाला बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पेपरच्या क्रीडा पानावर मागच्या आठवड्यात अमेरिकेतल्या बेसबॉलवर छोटासा लेख आला होता. लॉस एंजेलिस डॉजर्सनी 2025 मध्ये लागोपाठ दुसऱ्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, जिंकली, सगळं पैशाच्या जोरावर, आणि आता एका टीमनं खेळाडूंच्या पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा आणली नाही तर हा खेळ बुडणार, असा त्याचा सूर होता. मराठी पेपरात बेसबॉलवर चार ओळी येणं म्हणजे आमच्यासारख्यांना सणच, त्याबद्दल आधी मनापासून आभार. पण लेख वाचल्यापासून मी घरात बडबड करून राहिली आहे, शेवटी मुलगा म्हणाला आई हे सगळं मला सांगण्यापेक्षा पेपरलाच लिही, म्हणून लिहिते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नागपूरचीच. कॉलेजात सॉफ्टबॉल खेळायची, युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये कॅचर होते, म्हणजे बॅटरच्या मागं बसून बॉल झेलणारी. चेस्ट गार्ड एकच, तो पण मुलांच्या टीमशी वाटून घ्यायचा, आणि ग्लोव्हची शिवण उसवली की सीताबर्डीला फुटपाथवर चपला शिवणारे एक काका बसायचे त्यांच्याकडे नेऊन मेणदोऱ्यानं शिवून आणायचा. तो ग्लोव्ह अजून माझ्या कपाटात आहे, अंगठ्याजवळचा काळा दोरा तसाच. पुढं बँकेत नोकरी लागली, संसार, खेळ सुटला. 2012 ला मुलगी एमएस करायला पिट्सबर्गला गेली, तिथंच स्थिरावली, आणि तिच्यामुळं पिट्सबर्ग पायरेट्स ही टीम आमच्या घरात आली. तिथली संध्याकाळची मॅच म्हणजे आपली पहाटेची चार-सव्वाचारची, नळ यायच्या आत नऊपैकी दोन-तीन इनिंग बघून होतात. बारा-तेरा वर्षं झाली, मी उठते.

ज्यांना ही टीम माहीत नाही त्यांना एवढं सांगते, 2008 मध्ये आपल्याकडच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकवाल्या पोरांना करार देणारी टीम हीच. त्याच्या थोडंच आधीपर्यंत त्या पोरांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. तेव्हा त्या करारासाठी हिंमत लागली असेल, ते श्रेय मी देतेच. पण याच टीमच्या नावावर दुसरा पण एक विक्रम आहे. 1993 ते 2012, ओळीनं 20 सीझन, प्रत्येक सीझनमध्ये जिंकलेल्या मॅचपेक्षा हरलेल्या जास्त. अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या लीगमध्ये एवढी वर्षं सलग असं कोणी हरलेलं नाही. ज्या पोरानं 1993 ला पहिलीत असताना टीमची टोपी घातली, त्याला ग्रॅज्युएशन झालं तरी एक धड सीझन दिसला नाही, पण तो टोपी घालत राहिला ना, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणि मग 2013 आलं. हे मी जरा सावकाश सांगणार आहे कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे.

2012 च्या नोव्हेंबरात पायरेट्सनी रसेल मार्टिन नावाचा कॅचर घेतला, 2 वर्षांचे 17 मिलियन डॉलर. बेसबॉलच्या हिशेबात ही काही फार मोठी रक्कम नाही. पण कॅचर काय असतो हे मला विचारा. पिचर बॉल टाकतो ते सगळ्यांना दिसतं, पण कुठला बॉल टाकायचा, बॅटर कशाला फसतो, पिचर घाबरला तर कधी उठून त्याच्याजवळ जायचं, आणि झोनच्या, म्हणजे बॉल ज्या चौकटीतून जायला हवा तिच्या, काठावरचा बॉल हातात असा अलगद थांबवायचा की अंपायरनं स्ट्राइक द्यावा, हे सगळं गुडघ्यावर बसलेल्या त्या एका माणसाचं काम. मार्टिन ते करायचा. मुलगी तिकडून फोनवर म्हणायची आई तुझा माणूस आलाय. त्याच वर्षी टीम 94 मॅच जिंकली, 20 वर्षांचं ग्रहण सुटलं.

1 ऑक्टोबर 2013, पीएनसी पार्क या टीमच्या घरच्या स्टेडियमवर सिनसिनाटीविरुद्ध वाइल्ड कार्डची मॅच, म्हणजे हरला तो बाहेर. सगळं स्टेडियम काळ्या कपड्यात, चाळीस हजार लोक आणि समोर पिचर जॉनी क्वेटो. लोकांनी त्याच्या नावाचा लांबवून घोष सुरू केला, क्वेऽऽटो, क्वेऽऽटो, आणि माऊंडवर उभ्या असलेल्या त्याच्या हातातून बॉल खाली पडला. आता एवढा मोठा पिचर, हातातून बॉल पडतो! त्याच्या पुढच्याच बॉलवर मार्टिननं होमरन मारला, आपल्या सिक्सरसारखा. आपल्याकडं पहाट झाली होती, मी स्वयंपाकघरात एवढ्यानं ओरडले की यांना वाटलं मी भाजले. 20 वर्षं ज्या लोकांनी काही मागितलं नाही, त्या लोकांना मालकानं फक्त 17 मिलियन खर्च केल्यावर ही रात्र मिळाली.

मग काय झालं? 2014 चा सीझन संपला, मार्टिनचा करार संपला, टोरोंटोनी त्याला 5 वर्षांचे 82 मिलियन दिले आणि तो गेला. 2015 ला टीम 98 जिंकली आणि एका वाइल्ड कार्डच्या मॅचमध्ये शिकागोकडून हरून बाहेर. 98 मॅच जिंकणाऱ्या टीमच्या मालकानं त्या हिवाळ्यात हात सैल सोडायला हवा होता, एक मोठा पिचर, एक मोठा बॅटर आणायला हवा होता, पण मोठं नाव एकही आलं नाही. पुढं 2018 च्या जानेवारीत अँड्र्यू मॅककचन, जो 2013 चा एमव्हीपी म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, लोकांच्या गळ्यातला ताईत, त्याला ट्रेडमध्ये, म्हणजे अदलाबदलीत, दुसऱ्या टीमला देऊन टाकलं आणि त्याच महिन्यात गेरिट कोलला पण. कोलला पुढं न्यूयॉर्क यांकीजनी 9 वर्षांचे 324 मिलियन दिले. म्हणजे रोपटं आम्ही लावायचं, पाणी आम्ही घालायचं आणि संत्री लागायच्या वेळी बाग दुसऱ्याच्या नावावर करायची. आमच्या विदर्भात असं करणाऱ्याला लोक काय म्हणतील ते मी इथं लिहीत नाही.

आता हे ऐका. पायरेट्सनी 2000 साली जेसन केंडल या (परत कॅचरच) खेळाडूला 60 मिलियनचा करार दिला होता. तो टीमच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार म्हणून 2022 पर्यंत टिकला. 22 वर्षं! या 22 वर्षांत तिकिटं वाढली, टीव्हीचे पैसे वाढले, खेळाडूंचे भाव कुठल्या कुठं गेले, आणि इथं आकडा तिथंच. 2022 ला 70 मिलियनचा एक करार झाला आणि तो खेळाडू 2025 च्या जुलैमध्ये ट्रेडमध्ये गेला पण. 2023 ला ब्रायन रेनॉल्ड्सला 106.75 मिलियन, तो तोवरचा सगळ्यात मोठा. आणि डॉजर्सनी एकट्या शोहेई ओहतानीला कबूल केलेत 700 मिलियन, आजच्या भावानं सहा हजार कोटींच्या वर. मान्य आहे की त्यातले 680 नंतर द्यायचेत, आणि पिट्सबर्गनं ओहतानी आणावा असं मी कधीच म्हणणार नाही, तेवढं मलाही कळतं.

माझं दुखणं पॉल स्कीन्स आहे. 2025 चा साय यंग अवॉर्ड त्याला मिळाला, म्हणजे नॅशनल लीगचा (तिथल्या दोन लीगपैकी एक) वर्षातला सर्वोत्तम पिचर. ईआरए 1.97, म्हणजे नऊ इनिंगमागं दोन रन पण देत नाही हा पोरगा. आणि त्याचं वर्षाचं रेकॉर्ड बघा (टीमचा जय-पराजय पिचरच्या नावावर लिहितात), 10 विजय, 10 पराभव. मी परत लिहिते, दहा आणि दहा. 2025 च्या 18 मे ला, रविवार होता, आपल्याकडं रात्रीचे अकरा वाजून गेले होते, कूलरमध्ये पाणी टाकून मी बसले फिलाडेल्फियाविरुद्धची मॅच बघायला. स्कीन्सनी 8 इनिंग टाकल्या, रन दिला एक. एकच. आणि टीम 1-0 नं हरली, समोरचा पिचर आयुष्यातली पहिलीच मोठी मॅच खेळत होता आणि आमच्या बॅटर लोकांना त्याच्याविरुद्ध एक रन काढता आला नाही. शेवटी डगआऊटमध्ये, खेळाडू बसतात तिथं, तो पोरगा शांत बसला होता, कोणावर चिडला नाही की काही आपटलं नाही. कॅचर म्हणून मला पिचरचा चेहरा वाचायची सवय आहे, मी टीव्ही बंद केला पण झोप काही आली नाही. वर्षभर हेच चाललं, टीम 71 जिंकली आणि 91 हरली. मेमध्येच मॅनेजरला, म्हणजे मुख्य कोचला, काढून झालं होतं. मॅनेजर काय स्वतः बॅट घेऊन उभा राहणार होता का? बॅटर विकत आणायचे असतात आणि पाकीट मालकाच्या खिशात असतं.

आणि या पोराचा स्वतःचा 2025 चा पगार एक मिलियनच्या आत होता. नियमच तसा आहे, पहिली काही वर्षं टीम ठरवेल तो पगार घ्यायचा, सहा वर्षांची सर्व्हिस पूर्ण झाल्याशिवाय खेळाडू मोकळा होत नाही. म्हणजे जगातला सगळ्यात भारी पिचर मालकाला जवळपास फुकटात मिळाला आहे, वाचलेल्या पैशात दोन चांगले बॅटर आणणं ही साधी गोष्ट आहे, घर चालवणारी कोणतीही बाई सांगेल.

आता पैसे नाहीतच का, हा प्रश्न. इथं तुमच्या लेखात अर्धीच गोष्ट आली म्हणून मला राग आला. मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या या सगळ्यात वरच्या लीगमध्ये, प्रत्येक टीम आपल्या स्थानिक कमाईतले 48 टक्के एका सामायिक फंडात टाकते आणि ते सगळ्यांना सारखे वाटले जातात, त्यामुळं मोठ्या शहरांचा पैसा लहान शहरांच्या टीमकडं येतो. देशभरच्या टीव्ही कराराचे पैसे पण सारखे. म्हणजे डॉजर्सच्या कमाईतले पैसे दरवर्षी पिट्सबर्गला पोचतात. आणि नियम असा आहे की घेणाऱ्यानं ते टीम चांगली करायला वापरायचे. 2018 ला खेळाडूंच्या संघटनेनं पायरेट्ससकट चार टीमच्या विरोधात रीतसर तक्रार केली होती, की हे पैसे खेळाडूंवर लागत नाहीयेत म्हणून. मालक बॉब नटिंग, 2007 पासून तेच मुख्य मालक आहेत, त्यांचं म्हणणं कायम हेच की आमचं मार्केट लहान. असेल. मग वही दाखवा ना. अटलांटाची टीम शेअर बाजारात आहे म्हणून त्यांचे आकडे कोणालाही वाचता येतात, पायरेट्सचे नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीनं हिशेब दाखवला नाही तर आपण मीटिंगमध्ये उभं राहून विचारतो, इथं तर स्टेडियमला पण लोकांचा पैसा लागलाय. 1997 मध्ये तिथल्या लोकांनी त्यासाठीच्या करवाढीला मतदानातून नाही म्हटलं होतं, तरी दुसरा प्लॅन काढून सार्वजनिक पैशातूनच बहुतेक बांधलं, 2001 ला सुरू झालं. स्टेडियम सुंदर आहे हो, त्यात वाद नाही, पलीकडं नदी, पिवळा पूल, मागं शहर. मी दोनदा जाऊन आलेय.

त्या पिवळ्या पुलाला रॉबर्टो क्लेमेंटेचं नाव आहे. पोर्टो रिकोचा हा खेळाडू 1955 पासून 1972 पर्यंत पायरेट्सकडूनच खेळला, बरोब्बर 3000 हिट, आणि 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना सामान घेऊन जाताना विमान कोसळून गेला. त्याचा नंबर 21, म्हणून राइट फील्डची, मैदानाच्या उजव्या बाजूची, भिंतसुद्धा 21 फूट उंच ठेवली आहे. मी गेले तेव्हा शेजारी साधारण माझ्या आईच्या वयाची एक म्हातारी बसली होती, अंगात 21 चा शर्ट, धुऊन धुऊन आकडा फिकट झालेला, मांडीवर वही, आणि पेन्सिलीनं एकेक बॉल लिहून राहिली होती. मी कॅचर होते म्हटल्यावर तिनं वही माझ्याकडं सरकवली, एक इनिंग मी लिहिली. आम्हाला एकमेकींचं इंग्रजी धड समजत नव्हतं तरी सगळं समजलं.

त्या भिंतीवर 21 चं चिन्ह होतं. 2025 च्या एप्रिलमध्ये ते काढून त्या जागी एका दारूच्या ड्रिंकची जाहिरात लावली. क्लेमेंटेच्या घरच्यांनी जाहीरपणे नाराजी सांगितली, लोक भडकले, मग चूक झाली म्हणून परत लावलं. पण ज्यानं आधी काढलं, त्याला त्या जागेकडं बघून भाडं दिसलं, आणि मला त्या म्हातारीची पेन्सिल आठवली. याच सीझनच्या पहिल्या घरच्या मॅचला लोकांनी स्टेडियममध्ये टीम विका, टीम विका असा घोष केला, वरून विमानानं तोच फलक उडवला. माझी मुलगी त्या दिवशी तिथं होती, बाहेर पडत होता तो राग काही महिन्यांचा नव्हता, बापाचा आणि पोराचा मिळून तीस वर्षांचा होता, असं ती म्हणाली.

लहान शहराचं कारण मला मान्य नाही कारण कॅन्सस सिटी काही न्यूयॉर्क नाही, त्यांनी 2024 मध्ये बॉबी विट ज्युनियर या आपल्याच घरच्या पोराला 11 वर्षांचे 288.7 मिलियन देऊन थांबवून घेतलं. मिलवॉकी तर पिट्सबर्गपेक्षाही लहान मार्केट, 2025 मध्ये त्यांनी 97 मॅच जिंकल्या, रेग्युलर सीझनमध्ये डॉजर्सपेक्षाही जास्त, आणि त्यांनी जॅक्सन शूरिओला मोठ्या लीगमध्ये एक मॅच खेळायच्या आधी 82 मिलियनचा करार दिला होता. सॅन डिएगोचे मालक पीटर साइडलर 2023 मध्ये वारले, त्यांनी जिवंत असेपर्यंत टीमवर एवढा खर्च केला की लोक म्हणायचे वेडा आहे. वर्ल्ड सिरीज त्यांना मिळाली नाही. पण तिथलं स्टेडियम भरतं आणि लोक त्या माणसाचं नाव प्रेमानं घेतात. हरणं आम्हाला कळतं हो, पण प्रयत्नच न करणं कसं सहन करायचं?

ओकलंडच्या टीमचं तर आठवलं की पोटात कालवतं. तिथल्या मालकानं टीम इतकी काटकसरीची केली की लोक येईनासे झाले, मग म्हणे लोक येत नाहीत म्हणून टीम दुसरीकडं नेतो. 13 जून 2023 ला लोकांनी उलटा बहिष्कार केला, ठरवून 27,759 जण एका साध्या मंगळवारच्या मॅचला आले, अंगावर टीम विका लिहिलेले शर्ट. बघा, आम्ही आहोत. तरी 26 सप्टेंबर 2024 ला तिथली शेवटची मॅच झाली आणि 1968 पासूनची टीम गेली.

आता पगाराच्या मर्यादेबद्दल. मालक आणि खेळाडूंमधला करार 1 डिसेंबर 2026 पर्यंतचा आणि मालकांना मर्यादा हवी आहे असं दिसतंय. 1994 ला पण याच मर्यादेवरून संप झाला आणि 1904 नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज रद्द झाली होती. तुम्ही म्हणाल आयपीएलमध्ये आहे की, 2025 च्या लिलावात सगळ्यांना पर्स सारखीच, 120 कोटी. बरोबर, पण आयपीएलमध्ये किमान काही खर्च करावाच लागतो, पर्स तशीच घरी घेऊन जाता येत नाही. बेसबॉलमध्ये खालची मर्यादाच नाही. 2025 मध्ये डॉजर्सचा खर्च तीनशे मिलियनच्या वर होता आणि पायरेट्सचा शंभरच्या आत, तुम्ही वरचा आकडा कापलात तर खालचा आपोआप वाढणार आहे का? वाचलेले पैसे खेळाडूला मिळत नाहीत, तिकीट पण स्वस्त होत नाही, मालकाकडंच राहतात. आधी खालची मर्यादा आणा, एवढे मिलियन खेळाडूंवर खर्च करायचेच, नाही केले तर वाट्याचे पैसे बंद, मग वरचं बोलू. तुमच्या लेखात याबद्दल एक ओळ असायला पाहिजे होती.

आणि आपल्या नागपूरकरांना हे सांगायची गरज नसावी. विदर्भाची रणजी टीम किती दशकं नुसती खेळून यायची, पेपरात स्कोर शोधावा लागायचा. मग असोसिएशननं जामठ्याचं स्टेडियम केलं, अकादमी केली, बाहेरून वसीम जाफर आणला, चंद्रकांत पंडित कोच म्हणून आणले, आणि 2017-18 ला पहिल्यांदा रणजी जिंकली, पुढच्या वर्षी परत. 2025 मध्ये केरळविरुद्धच्या फायनलमध्ये बाहेरून आणलेला करुण नायर आणि आपला दानिश मालेवार दोघं मिळून उभे राहिले, आणि घरच्या हर्ष दुबेनं सीझनमध्ये 69 विकेट घेतल्या. मी जामठ्याला होते. माझ्या मागं एक गृहस्थ रडत होते, साठी ओलांडलेले. बाहेरचा खेळाडू आणल्यानं घरची पोरं दबली नाहीत, उलट त्यांना शिकायला मिळालं. लहान गाव, लहान मार्केट आम्हाला पण म्हणायचे की.

2025 च्या 2 नोव्हेंबरला पहाटे उठून मी वर्ल्ड सिरीजची डॉजर्स आणि टोरोंटोची सातवी, शेवटची मॅच बघितली, 11 इनिंग गेली, 5-4, आणि त्याच दिवशी रात्री आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला. एका दिवसात दोन्ही बघायला मिळालं, मी भरून पावले. डॉजर्स जिंकले म्हणून मला वाईट वाटलं नाही, चांगले खेळले. मला वाईट हे वाटलं की त्यांचा मालक जे करतो ते आमचा करायला तयार नाही, अर्धं पण नाही.

आता पुढं आमचे मालक काय करतात ते मी रोज बघणार आहे. दोन चांगले बॅटर आणा, फार नाही मागत. नियमाप्रमाणं स्कीन्स 2029 चा सीझन संपला की मोकळा होतो, म्हणजे 2025 नंतर चारच सीझन. माझी नात सात वर्षांची आहे, दिवाळीत व्हिडिओ कॉलवर तिनं 30 नंबरचा शर्ट घालून दाखवला, स्कीन्सचा, दोन साइज मोठा घेतलाय म्हणजे मोठी झाली तरी होईल. तिला मी 2029 चं काही बोलले नाही.

आपली,
एक जुनी कॅचर, नागपूर